इयालोदेचं मीठ

फोन बंद करा आधी. जनरेटर तसाही बसलाय. आणि रशीदी, दाराकडं पाठ करून बसू नकोस. काही नाही रे, वारा येतो म्हणून सांगतो.

टायरच्या दुकानातला अकान्नी आठवतो ना तुम्हाला? आम्ही दोघांनी एकाच लॉरीवर जवानी घालवली. तर ही गोष्ट त्याची. ऐकीव नाही, त्यानं स्वतः मला सांगितली, त्याच पहाटे.

सहा वर्षं झाली. डिसेंबरातला बुधवार. हार्मॅटनचा कोरडा वारा सुटला होता, धुळीनं चंद्रसुद्धा मळकट दिसत होता. अकान्नीची सून मोरेनिके बाळंत झाली होती. आधीची दोन गेलेली, ही तिसरी, मुलगी. गुरुवारी पहाटे नाव ठेवायचं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की नाव ठेवायचं सामान थोरल्या घरातून यायचं, तेही वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात. मध, पाणी, कोलाच्या कडू बिया आणि मीठ, आत एकेका वाटीत, बाळाच्या जिभेला लावायला. ते आणायला अकान्नी मोटरसायकलवर ओके-इरोको गावातल्या त्या थोरल्या घरी गेला.

त्याच्या म्हाताऱ्या आत्यानं तुंबा भरून दिला, वर झाकण ठेवलं, पांढऱ्या फडक्यात बांधला आणि म्हणाली, "लेकरा, वाटेत इयालोदेच्या पडक्या वाड्याच्या भिंतीशी उतर. झाकण काढ, आत काय आहे ते मोठ्यानं सांग, जमिनीवर पालथा पड, मग पुढं हो."

"आत्या, नाक्यावर पोलिसांना उघडून दाखवायचं, आता मेलेल्यांनाही? तुंबा आहे का ट्रक?"

"हस बाबा, हस. पोलीस काय घेतो ते आपल्याला ठाऊक असतं. ती काय घेईल ते मला ठाऊक नाही."

आता ही इयालोदे कोण, ते तुमच्या शाळेत शिकवत नाहीत. ओसुन्तोके तिचं नाव. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बाजारोबाजार फिरणारी बाई, पण अशी वर चढली, की गावातल्या समस्त बायकांची मुखत्यार, म्हणजेच इयालोदे, झाली. सरदारांच्या सभेत तिला आसन. तिच्या कोठारात बंदुकीची दारू, तिचे स्वतःचे शिपाई. देवी बिवी नव्हती हां. तिनं माणसं विकलीत. गुलामांच्या पाठी फोडल्यात. पण एका वर्षी सभेत उठून म्हणाली, "पुरे झाली लढाई. तुम्ही परत येता, पोरं येत नाहीत. यापुढं माझ्याकडून चिमूटभर दारू मिळायची नाही."

सरदारांना ते झोंबलं. त्यांनी तिला झाकलेला तुंबा पाठवला. आपल्याकडं रिकाम्या तुंब्याचा अर्थ काय, ते सांगायला नको. लोकांना तू नकोस, आता स्वतःच्या हातानं जा. पण तो घेऊन जायची कुणाची छाती होईना. तेव्हा अकान्नीचा पणजोबा पुढं झाला. तिच्याच घरी, तिचंच मीठ खाऊन वाढलेला गडी.

तिनं विचारलं, "काय आहे?"

तो म्हणाला, "राजवाड्यातनं मीठ आलंय, आई."

राजाची भेट म्हणून ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात पुढं केले. झाकण काढलं.

त्या रात्री तिनं विष घेतलं. मिठाला न जागलेल्या त्या गड्याचं घराणं मात्र तेव्हापासून तिच्या भिंतीपुढनं जाताना तुंबा उघडून जातं.

अकान्नी उलट्या काळजाचा नव्हता रे. उघडणारही होता. पण नाक्यावर पोलिसानं फडकं सोडायला लावलं, टॉर्च मारला, "पोरीला आशीर्वाद" म्हणून एक कोला उचलून तोंडात टाकला. तेवढ्यात मधावर धूळ बसली. अकान्नीनं ती नखानं काढली. दोन गेलीत, ही तिसरी, आणि तिच्या जिभेला धूळ लावायची? त्यानं गाठ करकचून आवळली. म्हणाला, आता घर येईपर्यंत उघडायचा नाही.

भिंत आली.

तो उतरला नाही. वेग वाढवला.

गाडी बंद पडली.

किक मारली... पुन्हा मारली... वारा थांबला होता. पान हलत नव्हतं.

रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी गुडघ्यांवर बसलेली. दोन्ही हात पुढं केलेले.

अकान्नीला वाटलं, कुणी वेडी असेल. तो तुंबा छातीशी धरून म्हणाला, "आई, उठा. लेकरापुढं गुडघे टेकू नका. मला पाप लागेल."

"काय आहे?"

"नाव ठेवायचं सामान... आई."

"काय आहे?"

त्याला मध म्हणायचं होतं. तोंडातनं निघालं, "मीठ."



"उघड."

"धूळ बसेल, आई. बाळाच्या तोंडात जायचंय..."

"मागच्या खेपेलाही तुमच्याच घरचा माणूस होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसाचा असतो तसा आवाज.

हात पुढंच होते...

अकान्नी पळाला. गाडी तिथंच टाकून, तुंबा छातीशी धरून.

घरी सगळी निजलेली. मोरेनिके आणि बाळ आतल्या खोलीत, आतून कडी. अकान्नी ओसरीवर तुंबा मांडीत घेऊन बसला. पापणी मिटली नाही त्यानं.

पहाटे आम्ही जमलो. गाठ तशीच होती; ती सोडायला मला दात लावावे लागले. मध होता. पाणी होतं, कोला होते. मिठाची वाटी कोरडी ठणठणीत. पुसून ठेवल्यासारखी.

मी म्हटलं, "आत्या विसरली असेल, म्हातारी झाली. घरातलं मीठ आणा."  पण अकान्नीनं नाक्यावर ते मीठ पाहिलं होतं.

मोरेनिके बाळाला घेऊन बाहेर आली. मी कंदील जवळ धरला.

पोरीच्या ओठांवर मीठ होतं.

"कुणी चाटवलं?" मोरेनिके ओरडली. "नाव ठेवायच्या आधी माझ्या पोरीला मीठ कुणी चाटवलं?"

जो मीठ चाटवतो, तोच नाव ठेवतो. हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून कुणी कुणाकडं बघेना.

तरी आम्ही नाव ठेवलं. दुराद्योला. 'राहा गं, टिक' म्हणून विनवणीच ती. आणि पोरगी टिकली, धडधाकट आहे. पण दुराद्योला म्हणून हाक मारा, वळत नाही. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत. मागं ताटली पडली तर दचकते. मोरेनिके रोज एकेक नाव घेऊन बघते. बाजारातल्या बायकांची, नद्यांची, मेलेल्या आज्यांची. एकदा जीव मुठीत धरून ओसुन्तोके म्हणूनही बघितलं. नाही. तिचं नाव वेगळंच काहीतरी आहे, आणि ते तिच्या आईला माहीत नाही.

रात्री मात्र कुणी हाक न मारता पोरगी उठते. रस्त्याच्या बाजूला तोंड करते. थोरल्यांपुढं टेकतात तसे गुडघे टेकते आणि म्हणते, "जी, आई."

मोरेनिके शेजारीच असते. जागी. तिच्याकडं बघतही नाही पोरगी.

मग उठते आणि दाराशी जाते. इतकी वर्षं कडी उंच होती. गेल्या आठवड्यापासून तिचा हात पोचतो.