अठरा क्लिक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. कामात मी एकच खोटं बोललो, आणि हे सगळं त्या एका खोट्यातूनच झालंय.

मागच्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, दुपारचे सव्वाचार. असलं काही फक्त रात्री होतं असं तुम्हाला वाटत असेल, तर मलाही तसंच वाटायचं.

मी सैन्याच्या फायरिंग रेंजवर मार्कर आहे. एकोणीस वर्षं झाली. एका टोकाला नेमबाज पोटावर पडून गोळी मारतो. तिथून हजार मीटरवर टार्गेटं, आणि टार्गेटांखाली सिमेंटचा खोल खड्डा. त्या खड्ड्यात मी. गोळी डोक्यावरून जाते. मी टार्गेट खाली ओढतो, भोक शोधतो, त्यावर कागद चिकटवतो, टार्गेट परत वर ढकलतो. मग लांब काठीवरची तबकडी लावून दाखवतो, गोळी कुठे लागली ते. चुकली तर लाल झेंडा हलवायचा.

हजार मीटरवरून एवढंसं भोक दिसत नाही. मी दाखवतो तेच नेमबाजासाठी खरं.

खड्ड्यात माणूस कानांवर जगतो. लांबून आलेल्या गोळीचे दोन आवाज असतात. आधी डोक्यावर 'चटाक', कारण गोळी आवाजाच्या पुढे धावते. मग मागून येतो तो बंदुकीचा 'धप्प'. हजार मीटरवरून मारली तर दोन्हींच्या मध्ये सव्वा सेकंद शांतता. बंदूक जितकी लांब, तितकी ती शांतता मोठी. डोळे मिटूनही मी अंतर सांगू शकतो.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच रेंजवर स्नायपरचा कोर्स करायला आला. तासन्‌तास हलायचा नाही, म्हणून सोबतची पोरं त्याला 'पाल' म्हणायची. तो मला उंदीर म्हणायचा.

"काय भाऊजी, बिळात सगळं ठीक?" खड्ड्यातल्या फोनवर रोज हाच प्रश्न. त्याला सायकल मी शिकवलेली. त्यामुळे एवढं ऐकून घ्यायचो.

त्याचा हात पक्का होता. गाडी अडायची ती वाऱ्यापाशी. वारा गोळीला ढकलतो. तेवढं आधीच धरून दुर्बिणीची चकती फिरवायची, एकेक क्लिक मोजत. हा नेहमी दोन-तीन क्लिक कमी धरायचा.

शेवटची परीक्षा. दहा गोळ्या, आठ लागायला हव्यात. आधी दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा झाला असता तर परत पाठवणार होते. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "आज त्याचं होऊ दे हो."

नऊ गोळ्यांत सात लागल्या. दहावीला डावीकडून जोराचा वारा.

टार्गेट खाली ओढलं. भोक उजव्या खांद्याच्या बाहेर होतं. चांगलं वीतभर.

मी कागद चिकटवला, टार्गेट वर केलं... आणि तबकडी छातीवर लावली.

लगेच फोन वाजला. "भाऊजी, नीट बघा. मला चुकल्यासारखी वाटली."

"दोनदा बघितलं. लागली म्हटलं ना. संध्याकाळी जेवायला ये."

तो आला. दोन माणसांचं जेवला.

सात महिन्यांनी तो गेला.

त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन पडलेला साथीदार त्याची वही द्यायला घरी आला. नेमबाज प्रत्येक गोळी वहीत लिहितात. वारा किती, क्लिक किती, लागली की नाही. साथीदार खाली बघत म्हणाला, "हजार मीटर होतं. वारा डावीकडून. मी म्हटलं एकवीस घे. तो म्हणाला, अठरा, माझ्या वहीत आहे. गोळी उजवीकडून गेली. आम्ही कुठे आहोत ते शत्रूला कळलं. दुसरी मारायला त्याला वेळच मिळाला नाही."

बायकोने मला विचारलं, "त्याचा नेम इतका चांगला, मग चुकला कसा?"

"वाऱ्याचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यानंतर चार महिन्यांनी तो मंगळवार आला. मंगळवारी रेंज बंद असते. मी एकटाच खड्ड्यात चौकटींना तेल घालत होतो. तीन नंबरचं टार्गेट सरकतं का बघायला वर केलं होतं.

आणि...

चटाक.

सवयीने खाली बसलो. सवयीनेच मोजू लागलो. एक... दोन... तीन...

धप्प.

हजार मीटरच्या पलीकडे कुंपण आहे. कुंपणामागे तलाव. तीन सेकंद म्हणजे ती बंदूक पाण्यावर होती.

गेटवरच्या शिपायाला मोबाईल लावला. तो म्हणाला, "आज सुट्टी आहे. कुलूप आहे. मी आणि कुत्रं, दोघंच आहोत. का हो?"

टार्गेट खाली ओढलं. ताजं भोक. उजव्या खांद्याच्या बाहेर, वीतभर.

तीन नंबर. परीक्षेलाही त्याचं टार्गेट हेच होतं.

मी काय केलं असेल? कागद चिकटवला, टार्गेट वर केलं, आणि तबकडी छातीवर लावली. भित्रा माणूस जुनंच खोटं परत बोलतो.

पुढच्या मंगळवारी, सव्वाचारला... चटाक. मध्ये सहा सेकंद. भोक तिथेच.

त्याच्या पुढच्या मंगळवारी अकरा सेकंद. भोक तिथेच.

दोन्ही वेळा मी 'लागली' दाखवलं. तो लांब लांब चालला होता. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून, तेच अठरा क्लिक लावून.

घरी कुणाला सांगणार? बायको भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि मी छताकडे बघत पडायचो.

चौथ्या मंगळवारी सकाळी ती वही घेऊन बसली होती. एक पान तिने मोठ्याने वाचलं. "डावीकडून जोराचा वारा. अठरा. लागली. भाऊजींनी दोनदा बघितलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "किती विश्वास होता त्याचा तुमच्यावर."

डबा न घेताच मी घराबाहेर पडलो.

सव्वाचार. चटाक. मोजत राहिलो. पंचवीसला कुठेतरी धप्प आला, लांबच्या घराचं दार लागावं तसा. भोक तिथेच.

या वेळी मी लाल झेंडा उचलला. टार्गेटसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवला. चुकली.

शांतता...

आणि खड्ड्यातला फोन वाजला.

त्या फोनचं दुसरं टोक सुट्टीच्या दिवशी कपाटात असतं. कुलपात.

उचलला. कुणी बोलेना. नुसता वारा. पण कुणीतरी ऐकतंय, हे कळतं माणसाला.

"चुकली," मी म्हणालो. "उजवीकडे वीतभर. परीक्षेतही चुकलीच होती. तू विचारलंस तेव्हाही मला माहीत होतं." मी रडत होतो. "एकवीस घे रे बाबा."

वारा वाहत राहिला. मग...

टक.

टक.

टक.

फोन बंद पडला. मी रिसीव्हर ठेवतोय तोच डोक्यावर चटाक झालं.

टार्गेट खाली ओढलं. भोक छातीच्या मधोमध होतं. एकोणीस वर्षांत इतकं सरळ भोक मी बघितलं नव्हतं. तबकडी लावली, या वेळी खरी. आणि धप्पची वाट बघत बसलो.

साठपर्यंत मोजलं. तीनशेपर्यंत मोजलं. मग मोजणं सोडून नुसता बसून राहिलो. अंधार पडला.

धप्प आलाच नाही.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. परीक्षेपासून सगळं. तिने शेवटी एवढंच विचारलं, "त्याने परत बघायला सांगितलं होतं ना?"

"हो."

ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. अजून तिथेच झोपते.

आठवडाभर बोलली नाही. पुढच्या मंगळवारी मी घरी आलो तर दारातच उभी होती. "आला का आवाज?"

"नाही."

"येईल," ती म्हणाली. "आवाज आला म्हणजे तो कुठेतरी आहे."

याला अकरा महिने झाले. त्यानंतर एकही गोळी आली नाही. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. अकरा महिन्यांत किती लांबून येईल, ते मी एकदा कागदावर मांडायला घेतलं होतं. पुरं केलं नाही.

दर मंगळवारी मी खड्ड्यात बसतो. दर मंगळवारी ती दारात तेच विचारते. आमच्यात आता एवढंच बोलणं उरलंय.

गेल्या मंगळवारी तिला ताप होता. भिंतीला धरून उभी होती. चेहरा पार उतरलेला. "आला का?"

आला म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. कदाचित शांत झोपलीही असती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही," मी म्हणालो, आणि तिला धरून आत नेलं.