छंद : वाचन

नाव : आदिती.

एवढं खरं आहे. बायोडाटातलं पुढचं सगळं आप्पासोमामानं लिहिलंय, त्यामुळे जरा जपून वाचा.

मामा : आप्पासो. जयसिंगपुरात खतांचं दुकान. दुकानापेक्षा जास्त लक्ष लोकांची लग्नं जमवण्यात. माझ्या नावाखाली त्यानं ठोकून दिलं : वाचन, लेखन, चित्रकला, आत्मचिंतन.

"मामा, मी शेवटचं पुस्तक बारावीत वाचलंय. केमिस्ट्रीचं."

"मग झालं की वाचन."

"आणि आत्मचिंतन?"

"रविवारी दुपारभर लोळतीस, ते काय असतंय मग?"

इचलकरंजीहून सम्मेद नावाच्या मुलाचा बायोडाटा आला. त्यातही छंद : वाचन. दोन्हीकडची मोठी माणसं खूश. पोहे-बिहे नकोत, म्हणाली, दोघं एवढी वाचणारी, तर दसरा चौकातल्या पुस्तक प्रदर्शनातच भेटू देत. रविवारी पाच वाजता. सातपर्यंत मी हो किंवा नाही सांगायचं. मामा आमच्या घरी येऊन बसणार, उत्तर ऐकायला.

हे नववं स्थळ. आधीच्या आठ जणांपुढं मी न वाचलेल्या पुस्तकांवर बोलले होते. तेही बोलले होते. दमले होते मी. ज्याच्यापुढं हुशार दिसावं लागणार नाही असा माणूस — एवढंच हवं होतं. मामानं 'अपेक्षा'पुढं लिहिलं होतं : अनुरूप.

जन्मवेळ : पहाटे चार दहा. हिचा इथं काही संबंध नाही.

पोचण्याची वेळ : साडेतीन. दीड तास आधी. अभ्यासाला.

हॉलच्या टोकाला एक स्टॉल होता. कथा कशी लिहावी यावर चार पुस्तकं, चित्र कसं बघावं यावर एक जाडजूड, आणि स्वतःला कसं ओळखावं यावर अकरा. मी मागच्या पानांवरचा मजकूर पाठ करायला लागले. स्टॉलवाले ज्ञानूकाका चष्म्यावरून बघत होते.

"पोरी, नुसती मागची पानंच वाचाय लागलीयास. बस हितं स्टुलावर. मी च्या पिऊन येतो. कोण आलं तर सांग, समद्यावर वीस टक्के सूट."

आणि गेले. ओळख नाही, पाळख नाही, दुकान माझ्या ताब्यात.

उंची : पाच दहा. बायोडाटात होती तेवढीच. पण सम्मेदच्या फोटोत डोक्यावर फेटा होता, म्हणून चेहरा लगेच ओळखला नाही. आधी आवाज आला.

"मॅडम."

अख्ख्या हॉलनं मान वळवली. पलीकडं पाककृतींच्या स्टॉलवर दोन बायका लोणच्याचं पुस्तक चाळत होत्या, त्यांनी ते मिटलंच.

"एका तासात हुईल असं काही हाय का?"

"काय व्हायला?"

"वाचणारा माणूस."

मी स्टुलावरून पडले नाही, एवढंच.

"पाच वाजता पोरगी बघायची हाय. हितंच. ती लई वाचती." त्यानं मोबाईल पुढं धरला. "ही."

ही म्हणजे मी. चुलतबहिणीच्या लग्नातली, पार्लरवालीनं तीन तास खपून दुसरीच कुणीतरी केलेली.

"नाक जरा मोठं वाटतंय," मी म्हटलं.

"नाकाला काय झालंय? चांगलं हाय की नाक." तो जरा रागावलाच. "फोटो काढणाऱ्याची चूक हाय ती."

माझ्या नाकाला तो तिथंच आवडला. मी अजून विचार करत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं... नाही सांगितलं. का, ते विचारू नका. मी उठले, ओढणी खोचली, ज्ञानूकाकांचं पेन कानामागं अडकवलं आणि स्टॉलवाली झाले.

शिक्षण : एक तास.

पहिलं पुस्तक, कथालेखनाचं. त्यानं मधलंच पान उघडलं. "कथेची सुरुवात कशी करावी... हे आमच्या रत्नाआत्याला द्या. ती कुठलीबी गोष्ट कुणाच्या तरी लग्नापास्नं सुरू करती."

"पुस्तकात तसंच लिहिलंय का?"

"न्हाय. पुस्तकापेक्षा आत्या बरी."

मग चित्रांचं. एक पान नुसतं पिवळं.

"ह्यात काय बघायचं असतंय?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही विकताय न्हवं?"

"विकते मी. बघायचं गिऱ्हाइकानं."

तो खरंच बघत बसला. बराच वेळ. मग म्हणाला, "आमच्या शेडमधी संध्याकाळी दिवं लावलं की, कापसाच्या धुळीत असाच रंग दिसतोय." मी ते पान परत बघितलं. आता त्यात यंत्रमागांची एक रांग होती, शेवटाला कुणीतरी उभं होतं.

मग ती अकरा. सगळ्यांच्या मुखपृष्ठावर एकच माणूस — पाठमोरा, हात पसरलेला, डोंगराच्या टोकावर.

"स्वतःला वळखलेला माणूस कायम डोंगरावरच का असतोय?"

"घरात गर्दी असेल."

तो हसला. हॉलभर हसला. शेवटी त्याला एक वही सापडली. प्रत्येक पानावर वर एक प्रश्न, खाली रिकाम्या ओळी. स्वतःबद्दल लिहून काढायला.

"हे बेस हाय. कोरं हाय. तासात वाचून हुईल."

व्यवसाय : यंत्रमाग, पंचवीस. म्हणून आवाज मोठा. मागांच्या खडखडाटात हळू बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही, म्हणाला.

"पर मी शेडच्या भाईर उभारून सांगतो, आता कुठला माग बंद पडणार. नुसतं ऐकून. नऊ नंबर बंद पडायच्या आधी खोकतोय."

"हे बायोडाटात लिहिलंय का?"

"आत्या म्हणाली, असलं काय लिहित्यात व्हय? वाचन लिही. लिहिलं." त्यानं बाही वर केली. "आणि तुम्हास्नी काय आवडतंय? पुस्तकं सोडून."

आठ स्थळांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"बसमध्ये... लोकांचं बोलणं ऐकते मी."

"कालचं सांगा की."

"काल एक बाई फोनवर नवऱ्याला सांगत होती, मी अजून घरातच हाय. आणि कंडक्टर तिच्या कानाशी ओरडत होता — रंकाळा, रंकाळा."

"मग?"

"मग ती म्हणाली, टीव्ही चालू हाय."

तो पुस्तकांच्या थप्पीवर हात टेकून हसत राहिला. मीही. आणि हसता हसताच मनात कळ आली. हा खरं बोलत होता ते स्टॉलवालीशी. पाच वाजता हाच माणूस चार पाठ वाक्यं घेऊन माझ्यापुढं बसणार होता आणि मी चार पाठ वाक्यांनी उत्तर देणार होते. मला त्या स्टॉलवालीचा फार हेवा वाटला.

सांगावं. आत्ता. "ऐका ना —"

"मॅडम, मी न्हाय म्हणून सांगतो," तोच म्हणाला.

"कुणाला?"

"त्या पोरीला. ती आत्मचिंतन करती. तिच्यापुढं मला असलं बोलाय येणार न्हाय." त्यानं पिवळ्या पानाचं पुस्तक मिटलं. "तुमच्याशी तास झाला बोलतोय... एक वाक्य पाठ करावं लागलं न्हाय."

आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं फोन लावला.

"आत्या, नको. न्हाय, आली न्हाय अजून. न बघताच नको. लगीच कळव त्यास्नी."

हॉलनं ऐकलं. लोणच्याच्या बायकांपैकी एक म्हणाली, "बिचारी."

तर मला नकार मिळाला. न बघता. माझ्यामुळं.

संपर्क : माझा फोन तीन मिनिटांनी वाजला. आईचा आवाज तसा इचलकरंजीच्या मागांना भारी पडेल.

"आदिती, कुठं हाईस गं? त्या सम्मेदनं नकार कळवलाय. बघितलं पण न्हाय म्हणं तुला. मामा तापलाय नुसता. म्हणतोय, आता ते पाया पडत आले तरी त्या दारात जायचं न्हाय."

सम्मेदनं माझ्या फोनकडं बघितलं. मग त्याच्या फोनमधल्या फोटोकडं. मग माझ्याकडं.

"नाक," तो म्हणाला.

"मोठं आहे. सांगितलं होतं मी."

"तुम्ही... वाचता न्हवं?"

"शेवटचं बारावीत. केमिस्ट्री."

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते लिहायला कथालेखनाची ती चारही पुस्तकं पुरणार नाहीत. मग त्यानं हात पुढं केला आणि मी फोन दिला.

"मावशी, नमस्कार. सम्मेद बोलतोय. मी नको म्हटलं ती दुसरी."

"दुसरी कोण?"

"बायोडाटातली."

"मग पहिली कोण?"

"ही. पुस्तकाच्या दुकानात बसलीया ती."

मग आई दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाली, "आप्पासो, तू नेमकं काय लिहिलंतंस रे?"

सम्मेदनं फोन थप्पीवर ठेवला, ती कोरी वही ओढली आणि माझ्या कानामागचं पेन न विचारता काढून घेतलं. पहिल्या पानावर प्रश्न होता : तुम्हाला मनापासून काय आवडतं? त्यानं लिहिलं — नऊ नंबरचा माग ऐकणे. वही माझ्याकडं सरकवली. मी लिहिलं — बसमधली माणसं ऐकणे. दोन्ही ओळी एकमेकींखाली, अक्षर दोन्हीकडं सारखंच वाईट.

तेव्हा तो पहिल्यांदाच हळू बोलला. इतकं हळू, की पुस्तकांनासुद्धा ऐकू गेलं नसेल.

"सातपर्यंत थांबू नकोस... आत्ताच हो म्हण की."

मला नीट ऐकू आलं होतं. आयुष्यभर तेच तर करत आलेय.

"काय?" मी विचारलं.

"हो म्हण की," तो म्हणाला. शेडमधल्या आवाजात.

लोणच्याच्या बायकांनी ऐकलं. चहा पिऊन दारात आलेल्या ज्ञानूकाकांनी ऐकलं.

"हो," मी म्हटलं.

थप्पीवरचा फोन चालूच राहिला होता. त्यातून मामाचा आवाज आला.

"बघ आक्का, मी म्हटलंतं न्हवं? वाचन लिहिलं की जमतंय."