बारावं आळं

ठेकेदार आपल्याला लुबाडतो तो शब्दांनी. म्हणून होटगी रोडच्या प्लॉटवर घर बांधायच्या आधी मी ते शब्द शिकलो. मी सातवी नापास, आयुष्य लूमवर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात गेलं. पण इंजिनिअरच्या मागे लागून सगळं वहीत उतरवलं. प्लिंथ म्हणजे जोतं. लिंटेल म्हणजे दाराखिडकीवरचा आडवा पट्टा, वरच्या भिंतीचं वजन पेलणारा. कव्हर म्हणजे सळईखाली सोडलेलं काँक्रिट; ते चोरलं की सळई गंजते. आणि क्युरिंग म्हणजे नव्या काँक्रिटला पाणी पाजणं. पाजणं हा शब्द माझा नाही, सिद्धाप्पा मिस्त्रीचा.

माघात स्लॅब टाकला. दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पाने त्यावर सिमेंट-वाळूचे चार बोटं उंच बांध घालून बारा चौकोनी आळी केली आणि पाण्याने भरली. एकवीस दिवस ती भरलेली ठेवायची. सोलापुरात नळाला पाच दिवसांनी पाणी, त्यामुळे टँकर. मला घाई होती. मुलगी दानेश्वरी बाळंतपणाला येणार होती. आधीची दोन पोटातच गेलेली. कोपऱ्यातली खोली तिच्यासाठी काढली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर गेलो. अकरा आळी भरलेली, बारावं कोरडं. बरोबर तिच्या खोलीवरचं.

भेग असणार. खाली येऊन स्लॅबला आधार दिलेल्या सेंट्रिंगच्या पत्र्यांवर हात फिरवला. थेंब नव्हता. परत वर जाऊन आळं भरलं आणि छत्री धरून तिथंच बसलो. पाणी सारखं उतरत नव्हतं. थोडं उतरायचं, थांबायचं, परत उतरायचं. घोट घेतल्यासारखं.

सिद्धाप्पाला झापलं. तो शांतपणे तंबाखू मळत राहिला.

"तेवढ्याला रोज वता की मालक. इसरू नका."

"का?"

"आपून पाजायचं. कोन पितं ते इचारायचं न्हाय."

असल्या बोलण्याने माझं टाळकं फिरतं. नवव्या दिवशी टँकर आला नाही. होतं ते पाणी मी अकरा आळ्यांत वाटलं, बारावं मुद्दाम सोडलं. पुढेही सोडलंच. सिद्धाप्पाला कळलं तेव्हा त्याने खाली बोट दाखवून फक्त विचारलं, "ही खोली कुनाची?" मी सांगितलं. त्याने थापी धुतली, पिशवीत टाकली आणि गेला. परत आला नाही.

सेंट्रिंग काढलं तर छत काचेसारखं गुळगुळीत. इंजिनिअरने हातोडी मारून पाहिली आणि मान डोलावली. मी मनातल्या मनात सिद्धाप्पाला शिव्या घातल्या.

मे महिन्यात दानेश्वरी आली. सातवा सरत आलेला. पहिल्याच सकाळी तिच्या उशाचा तांब्या रिकामा.

"अप्पा, मी नाही प्याले."

माझ्या बायकोने, नीलम्माने, तिथे माठ भरून ठेवला. सकाळी माठ कोरडा, बाहेरूनसुद्धा. मग पोरीला पुढच्या खोलीत हलवलं. तांब्या तिथेही रिकामा. ती दिवसभर पाणी पीत होती, तरी ओठ फुटत चालले होते.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे दोनदा पाहिलं.

"बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय."

दोन दिवस बघू, म्हणाल्या.

घरी आल्या आल्या मी गच्चीवर गेलो. बाराव्या आळ्याची जागा मला पाठ होती. तयार फरशीवर पुन्हा बांध घातला. बांध सुकून घट्ट झाला तशी बादली ओतली. दुसरी ओतली.

"पी," म्हणालो. "चुकलं माझं. पी."

त्रेचाळीस डिग्री ऊन. मी हललो नाही.

दिवस मावळताना खालून दानेश्वरीचा आवाज आला. पाणी मागत होती. नीलम्मा म्हणत होती, आत्ताच तर दिलं.

मी आळ्यात बोट बुडवलं.

काठोकाठ भरलेलं होतं. थेंबही उतरला नव्हता.