आरशाच्या कडेला आई

भाविका, आरशानं चित्र काढायचं मी तुला शिकवीन. त्यात अवघड काही नाही. दाढीच्या आरशाएवढा एक तुकडा, त्याला धरून ठेवणारी एक वाकवलेली सळई आणि भरपूर धीर, एवढंच लागतं. पण तू माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून आधी हे ऐकून घे आणि मग ठरव. चहा पिता पिता ऐक, लांबलचक नाही.

आई गेली त्या आठवड्यात मी इथल्याच, नरडाण्याच्या फोटो स्टुडिओत गेले होते. काम साधं होतं. रुपचंदच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून आईचा चेहरा मोठा करून आणायचा. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी लोक जेवायला येतात, तेव्हा समोर फोटो लागतो. तिचा तो एकच धड फोटो होता. आजारपणात तिनं कुणाला फोटो काढू दिला नाही. मोबाइल समोर धरला की चांगला हात तोंडावर घ्यायची. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर तिच्या सुरकुत्या पुसल्या, ओठ गुलाबी केले, मागे ढग टाकले आणि आई पन्नास वर्षांनी लहान झाली म्हणून माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी म्हटलं, ढग काढा, साधा प्रिंट द्या, आणि उलटा द्या, डावं उजवीकडे. दुःखानं बाईचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार.

उलटा अशासाठी, की आरसा त्याला पुन्हा सुलटा करतो. फोटो समोर उभा लावायचा, कॅनव्हासचा बोर्ड टेबलावर आडवा ठेवायचा आणि मधे आरसा तिरपा टांगायचा. वरून बघितलं की आरशात फोटो दिसतो, आणि आरशाच्या कडेपलीकडे आपलं चित्र. दोन्ही रंग त्या कडेला शेजारी शेजारी येतात. आपला रंग गडद असला तर कड दिसते, फिका असला तरी दिसते. अगदी जुळला की कड मिटते. मग आरसा जरा पुढे सरकवायचा. नाक, डोळा, ओठ असं काही मनात आणायचं नाही. आपण काय काढतोय ते विसरायचं आणि फक्त कड मिटवत जायची. आईच्या खाटेशी बसून, मोबाइलचा आवाज बंद करून मी या रीतीचे व्हिडिओ बघत आले होते. कांदा, लिंबू, स्टीलचा पेला असं काढून पाहिलंही होतं. माणूस पहिल्यांदाच काढत होते.

मला त्या वेळी खरं म्हणजे चित्रही नको होतं. मला झोप हवी होती. आईला अर्धांगवायू झाल्यापासून ती खाटेवर होती. वाचा गेली होती. घशातून फक्त एक हुंकार यायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागायचं, रात्रीसुद्धा. शाळेत मी चित्रकला शिकवायचे आणि मुलं रंगवत असताना डोळे उघडे ठेवून झोपायचे. ती गेली तेव्हा भेटायला दारावर आलेल्या बायकांनी हातातली कामं काढून घेऊन मला रडायला मोकळं केलं, आणि माझ्या मनात एकच विचार होता, आता झोपायला मिळेल. पण डोळ्याला डोळा लागेना. दर दोन तासांनी अंग आपोआप उठून बसायचं. अशानं मी वेडी होईन याची मला भीती वाटायला लागली होती.

शेजारच्या रुख्माबाईंनी पहिल्याच दिवशी कपाटाचा आरसा जुन्या लुगड्यानं झाकून टाकला. घरात कुणी गेलं की कार्य होईपर्यंत आरसे झाकायचे, ही त्यांच्या माहेरची रीत. "गंधमुक्ती व्हस तवलगून आरसा झाकेल ऱ्हाऊ दे, माय," एवढंच म्हणाल्या. न्हाणीतला आरसाही त्यांनी भिंतीकडे फिरवला. माझ्या टेबलावरचा तुकडा त्यांना दिसला नाही. मलाही तो आरसा वाटला नाही. ब्रश तसा तो, अवजार.

रुपचंद जळगावला असतो. तो कार्याच्या तयारीला धावपळ करत होता, त्यामुळे घरी दुपारभर मी एकटीच असायचे. चैत्राचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एमआयडीसीकडून येणारी सततची घरघर आणि मधूनच स्टेशनातून न थांबता जाणारी मालगाडी. खिडकीला ओला पडदा लावून मी बसायचे. कपाळ झालं, केस झाले, डोक्यावरच्या पदराचा काठ झाला. सगळं पटापट जुळत गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट माझ्या हातून सोपी होत होती, आणि मला त्याचा आनंद झाला. हो, आनंदच.

भुवयांखाली आले तेव्हा कड मिटेना. सकाळी जुळवलेला रंग दुपारी गडद वाटायचा. उजेड बदलला असेल म्हणून मी नव्यानं मिसळायचे. तोही जुळायचा नाही. मग बारकाईनं बघितलं तेव्हा दिसलं की आरशातला रंगच थांबत नव्हता. किंचित गडद व्हायचा, किंचित उजळ व्हायचा... पुन्हा गडद. घाई नव्हती त्यात. जवसाच्या तेलाच्या वासात आईच्या अंगाला लावायच्या पावडरचा वास मिसळला होता, घरात तो मुरलेलाच होता, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. थकलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं. शिकवण एकच होती, आरसा सांगेल ते मान. रंग क्षणभर थांबेल तेव्हा मी ब्रश टेकवायचे आणि कड मिटली की पुढे सरकायचे.

तसं करत करत हनुवटीपर्यंत पोचले आणि पाठ मोकळी करायला उठून उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा पुरता चेहरा बघितला.

लग्नातली आई नव्हती ती. ओठ एका बाजूला ओघळलेले, त्या बाजूची पापणी अर्धी मिटलेली, गालाची पोकळी. मी रोज पुसायचे तो चेहरा. समोर लावलेला फोटो बघितला तर त्यात ती सरळ तोंडानं, जरा लाजून, व्याह्यांच्या शेजारी उभी. मग मी वाकून आरशात बघितलं. आरशात चित्रातलीच होती.

रुख्माबाई माझ्यासाठी भाकरी घेऊन आल्या त्या तशाच दारात थांबल्या. चित्राकडे बघितलं, आरशाकडे बघितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आवाज अगदी बारीक केला. "हाई ते आखरीनी ताईबाई शे..." ताईबाई माझ्या आईचं नाव; ही शेवटच्या दिवसांतली ताईबाई, असं त्या म्हणत होत्या. "तू आरसा उघडाच ठेवा, व माय..." मी आरसा उघडा ठेवला होता, हे त्यांना आत्ता दिसलं. पदरानं त्यांनी तो तुकडा सळईवरून उचलला, पालथा घातला आणि निघून गेल्या. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

मी सुरी घेतली. रंग ओलाच होता, एका हातानं सगळं खरवडून काढता आलं असतं. ओठांच्या कोपऱ्याशी सुरी नेली आणि हात थांबला. तिथून लाळ गळायची. तिथं सुरी लावणं माझ्याच्यानं झालं नाही. मला तिची दया आली म्हणू नकोस, माझीच आली. एवढं करून पुन्हा तीच समोर यावी.

दिवेलागणीला मला टेबलावरच डुलकी लागली. हुंकार ऐकून उठले. उठले तेव्हा काही वेगळं वाटलंच नाही, एवढी सवय. आतल्या खोलीत गेले. गादी आम्ही कधीच बाहेर काढली होती, खाटेच्या नुसत्या पट्ट्या होत्या. दिवा लावला नव्हता. मी वाकले, एक हात पुढे घातला, दुसरा त्याच्याखाली, आणि नेहमीसारखं वळवलं... हातांना वजन लागलं. पट्ट्या एका बाजूनं करकरल्या, मग दुसऱ्या. हुंकार थांबला. मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि तोंडात पदर कोंबला, कारण बाहेर मांडव घालणारे होते आणि ओरडून मी त्यांना काय सांगणार होते?

गंधमुक्तीला चित्र लावलं. रंग ओला आहे, हार टेकवू नका, असं मी सगळ्यांना सांगत होते. मला वाटलं लोक नावं ठेवतील, आजारी चेहरा कशाला काढला म्हणतील. रुपचंद मात्र त्याच्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला. जिवंत असताना त्याला तिच्याकडे धड बघवायचं नाही, दोन दिवस यायचा आणि फळं ठेवून जायचा. आता म्हणाला, अक्का, हे मी नेतो, माझ्या घरी लावतो, तू खूप केलंस, आता माझ्याकडे राहू दे आईला. मी ने म्हटलं. मनापासून म्हटलं. कापड रंगाला टेकणार नाही असं तिच्याच लुगड्यात सैल गुंडाळून त्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं ठेवून दिलं.

त्या रात्री मी झोपले. दुसऱ्या दिवशी दूधवाला दार वाजवून कंटाळून निघून गेला, इतकी झोपले. वैशाख गेला, शाळा सुरू झाली, माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली. लोक म्हणायला लागले, हेमलताबाई, तब्येत सुधारली हो.

मग परवा रत्नाचा फोन आला. रत्ना म्हणजे रुपचंदची बायको. बिचारी मनानं चांगली आहे. आवाज इतका उतरलेला की आधी मी ओळखलाच नाही. इकडचं तिकडचं बोलली, मुलांचं सांगितलं.

"अक्का, एक विचारायचं होतं... कुशीवर वळवताना खांद्याला धरायचं, की कमरेला?"

कुणाला, असं मी विचारलं नाही. एक हात खांद्याशी, एक कमरेशी, ओढायचं नाही, त्यांनी श्वास सोडला की वळवायचं आणि पाठीशी उशी द्यायची. मी सांगत गेले आणि ती हं, हं करत गेली. रुपचंदला ठाऊक आहे का, विचारलं. ते झोपलेले असतात, म्हणाली, त्यांना ऐकू येत नाही. मग मी बोलले. रत्ना, तुझ्यानं नाही होणार हे. चित्र मला परत दे, मी उद्याच न्यायला येते.

पलीकडून श्वास ऐकू येत होता. नुसता श्वास. तो तिचाच होता असं मी धरून चालले.

"मी तेच म्हटलं सासूबाईंना, अक्का... अक्कांकडे नेऊन ठेवते म्हटलं. तर बोलल्या त्या."

रत्ना आमच्याकडची नाही. आमची बोली तिला येत नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोन शब्द धड बोलत नाही. पण ते वाक्य तिनं जसंच्या तसं म्हटलं, आईची वाचा जाण्याआधीच्या हेलात, शेवटचा शब्द लांबवून.

"हेमाले निजू दे... असं म्हणाल्या. म्हणजे काय हो, अक्का?"