कौलांवरचा उबदार डाग

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझं त्यात काही बिघडत नाही.

पण ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मामेभाऊ आहे, आणि त्याला धड थापही मारता येत नाही. लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे. हे सांगताना त्याचे कान पांढरेफटक होते.

उन्हाळ्याचे दिवस. बुधवारची संध्याकाळ, सूर्य नुकताच बुडालेला. गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर. उतरती कौलं, पुढे अंगण, मागे विहीर आणि मोकळी जागा.

आता मामेभावाबद्दल सांगतो. घरात त्याला सगळे शंकासुर म्हणतात. हॉटेलात गेला तर आधी ग्लास उजेडात धरून बघणार, मग पाणी पिणार. त्यात धंदाही तसाच मिळालाय. जुनं घर विकत घेण्याआधी लोक याला बोलावतात. हा ड्रोन उडवतो आणि छप्पर तपासतो. कुठे कौल फुटलंय, कुठे पाणी मुरतंय, सगळं खाली उभं राहून सांगतो.

त्याचा कॅमेरा उष्णता टिपणारा. दिवसभर कौलं तापतात. ऊन गेलं की कोरडी कौलं भराभर गार होतात, पण जिथे पाणी मुरलेलं असतं तिथली ऊब रेंगाळते. स्क्रीनवर गार छप्पर काळंनिळं दिसतं आणि ओलीची जागा पिवळी. म्हणून हे काम त्या कातरवेळीच करावं लागतं.

हे घर ताईसाठी बघायचं होतं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. ताई, भाऊजी आणि त्यांची छोटी चिमी. भाड्याच्या घराचा मालक जागा सोडा म्हणून मागे लागलेला. ताईनं पसंत केलेल्या प्रत्येक घरात यानं काही ना काही खोट काढली होती.

"हे घर तरी पास कर रे बाबा," ताई म्हणाली होती. "नाहीतर तुझ्या ड्रोनवरच संसार थाटते."

घर विकणारे आजोबा एकटेच राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. अंगानं काडी. डोळे मात्र... खोल गेलेले, लाल. कित्येक दिवस झोप नसावी असे.

विकणाऱ्या माणसाला ड्रोन आवडत नाही. "काय गरज आहे?" म्हणून कुरकुर असतेच. या आजोबांनी तसं काहीच केलं नाही.

"उडवा, उडवा," म्हणाले. "नीट बघा. आणि मलाही दाखवा."

शंकासुराच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

त्यानं ड्रोन वर नेला. छप्पर काळंनिळं, स्वच्छ. आणि मग मधोमध एक पिवळा डाग आला. लांबट. माणूस आडवा होईल एवढा.

"पाणी मुरतंय," तो म्हणाला.

आजोबा जवळ सरकले. "कुठे आहे?"

काय आहे, असं नाही विचारलं. कुठे आहे, असं विचारलं.

"पुढच्या खोलीवर."

आजोबांनी मान हलवली. जणू ठाऊकच होतं.

आत पुढच्या खोलीत त्यांची खाट होती. बरोबर डागाच्या खाली. शंकासुर घरभर फिरून आला. स्वयंपाकघरात, छोट्या खोलीत, बोळात, सगळीकडे फरशीवर खाटेच्या पायांचे ओरखडे होते. म्हातारा खाट घेऊन घरभर हिंडत होता की काय?

दुसऱ्या दिवशी त्यानं ओळखीचा कौलं शाकारणारा आणला. तो वर चढला, डागाच्या जागची कौलं काढली, हात घालून बघितलं आणि हसायला लागला.

"साहेब, इथे ओल? इथे उंदीरसुद्धा तहानेनं मरेल."

कौलं कोरडी ठणठणीत होती. खालच्या माळ्यावर बोटभर धूळ, तीही न मोडलेली.

कॅमेरा बिघडला असेल म्हणून संध्याकाळी शंकासुरानं पुन्हा ड्रोन उडवला.

पुढची खोली... काळीनिळी. स्वच्छ.

डाग स्वयंपाकघरावर होता.

तो धावत आत गेला. खाट स्वयंपाकघरात होती.

ओल काही जागा बदलत नाही. मग हा म्हातारा माळ्यावर कोणाला तरी लपवतोय, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. एखादा फरारी नातेवाईक, नाहीतर कोंडून ठेवलेलं कोणीतरी. ताई घर घेणार आणि माळ्यावरून पाहुणा उतरणार!

"मला माळा बघायचाय," तो म्हणाला.

"बघा की," आजोबा म्हणाले. "मीही शिडीवरून खूप वेळा डोकावलोय."

तो शिडी लावून चढला. टॉर्च फिरवला. माळ्यावर कोणी नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यात कोळ्यांची जाळी होती, पण स्वयंपाकघराच्या बरोबर वर एकही नाही. तेवढीच जागा साफ.

तो कान देऊन उभा राहिला.

काहीच नाही...

आणि मग डोक्यावरची कौलं करकरली. सावकाश. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. झोपेत कोणी कूस बदलावी तशी.

तो कसा खाली आला ते त्यालाही आठवत नाही. अंगणात येऊन त्यानं आधी साध्या डोळ्यांनी छप्पर बघितलं. वर कोणी नव्हतं. कबुतरं मात्र ओळीनं बसली होती, आणि त्या ओळीत मधेच एक मोठी मोकळी जागा होती.

आजोबा दारातून त्याच्याकडे बघत होते.

"मांजर असेल," ते म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर त्यानं ताईला सरळ नाही म्हणून सांगायचं होतं. सांगितलं ना! पण कोण ऐकतंय? आधी इतक्या घरांना नाकं मुरडलेली.

"छपरावर कोणी झोपतं म्हणे," ताई भाऊजींना म्हणाली आणि दोघं पोट धरून हसले. "रविवारी आम्हीच येतो बघायला. चिमीलाही आणतो."

तो वैतागला. मनात म्हणाला, ठीक आहे, या. तुमच्या डोळ्यांसमोर उडवतो आणि दाखवतो. त्याच्या मते सगळी चूक इथे झाली.

रविवारी सगळे आले. आजोबांनी आधीच घर झाडून ठेवलं होतं. त्यांची खाट स्वयंपाकघरातच होती, पण छोट्या खोलीत एक नवी गादी घातलेली. धुतलेली चादर. उशीसुद्धा लहान.

"ही कोणासाठी?" शंकासुरानं विचारलं.

"पोर येणार म्हणालात ना," आजोबा म्हणाले. "दमली तर पडेल घटकाभर."

चिमी अंगणात खेळून दमलीच. ताईनं तिला त्या गादीवर टाकलं, पाठीवर थोपटलं, ती झोपली. ताई आणि भाऊजी मागची विहीर बघायला गेले. शंकासुराचं लक्ष ड्रोनमध्ये. डाग दाखवायचा आणि मोकळं व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

आजोबा खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले.

ऊन गेलं. ड्रोन वर गेला.

स्वयंपाकघर... काळंनिळं.

पुढची खोली... काळीनिळी.

शेजारी आजोबांचा श्वास थांबला होता.

डाग छोट्या खोलीवर होता.

आणि तो आता लांबट नव्हता. आखडला होता. एखाद्या लहान अंगाभोवती कोणी आपलं अंग मुडपून घ्यावं, तसा.

रिमोट तसाच टाकून शंकासुर आत पळाला. चिमी शांत झोपली होती. त्यानं तिला चादरीसकट उचललं.

वर कौलं करकरली. कोणीतरी उठलं.

तो बोळात आला. आवाज बोळावर आला.

तो पुढच्या खोलीत आला. आवाज पुढच्या खोलीवर आला.

त्यानं उंबरा ओलांडला तेव्हा दारावरच्या वळचणीची कौलं हलकेच वाजली... आणि सगळं थांबलं.

अंगणात आजोबा स्क्रीन मांडीवर घेऊन बसले होते. छप्पर काळंनिळं. सगळंच्या सगळं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"काय होतं ते?" शंकासुरानं विचारलं. "आजोबा, काय होतं ते छपरावर?"

आजोबांनी मान मागे टेकवली आणि तिथेच, खुर्चीत, घोरायला लागले. त्यानं हलवलं, ओरडला. म्हातारा हूं की चूं करेना.

विहिरीकडून ताई आली, तर भाऊ पोरीला छातीशी धरून छपराकडे बघतोय आणि घरमालक घोरतोय. स्क्रीनवर बघितलं तर छप्पर स्वच्छ.

"अरे, हे तर सगळ्यात चांगलं छप्पर आहे!" ताई म्हणाली.

"हे घर घ्यायचं नाही," तो म्हणाला.

चांगलंच वाजलं मग. पण तो हटून बसला आणि अखेर ताईनं ते घर सोडलं. भावाशी बोलणंही सोडलं.

त्याला वाटलं, पोर वाचली.

चिमी मात्र सकाळपासूनच पेंगायला लागली. डोळ्यांखाली काळं आलं. जेवता जेवता मान टाकायची. डॉक्टर झाले, औषध झालं. ताईनं कंटाळून शेवटी भावालाच फोन केला.

"रात्रभर टक्क जागी असते रे. वर बघत पडते. म्हणते, तो सारखा कूस बदलतो."

ताईचं भाड्याचं घर शेवटच्या मजल्यावर. वर नुसती गच्ची. शंकासुर संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, कोणाला न सांगता, आणि ड्रोन वर नेला.

गच्ची काळीनिळी होती. एका कोपऱ्यात, चिमीच्या पलंगाच्या बरोबर वर, पिवळा डाग होता.

तो मला म्हणाला, "मी रविवारी त्यांना येऊ दिलं नसतं, तर पोर त्या गादीवर झोपलीच नसती." मी त्याला म्हटलं, तुझा काय दोष? पण त्यानं ते ऐकलं नाही.

आपल्या घरी रंगकाम काढलंय, अशी थाप मारून तो ताईकडे राहायला गेला. कान लाल झाले असणार, पण ताईचं लक्ष नव्हतं. चिमीच्या पलंगावर हा झोपायला लागला, चिमीला तिच्या आईजवळ पाठवलं. आणि रोज संध्याकाळी ड्रोन. डाग चिमीच्या मागे आईच्या खोलीवर गेला. तिथून हलेना. मग चिमीला परत तिच्या पलंगावर आणून यानं शेजारीच जमिनीवर अंथरूण टाकलं. मामा रात्री गोष्ट सांगतो म्हणून चिमी खूश.

ती जागी राहायची, हा वर तोंड करून बोलायचा. काय बोलायचा ते मला सांगितलं नाही. विनवण्या करत असणार. हा माणूस आयुष्यात कोणापुढे वाकला नव्हता.

एका सकाळी मला त्याचा फोन आला.

"सरकलं," म्हणाला. "चिमी अजून झोपलीय. उन्हं अंगावर आली तरी झोपलीय."

आणि रडायला लागला. आनंदानं. मलाही भरून आलं.

त्याच दिवशी तो स्वतःच्या घरी परत गेला. चिमी आता टुणटुणीत आहे. ताई म्हणते, औषध लागू पडलं. ते आजोबा घर तसंच टाकून कुठे गेले कोणाला माहीत नाही. ते काय होतं, त्यांच्या छपरावर कुठून आलं, हेही कोणाला माहीत नाही.

मी इथेच थांबायला हवं. पण खरं सांगायचं ठरवलंय तर सगळंच सांगतो.

शंकासुरानं मला कधी घरी राहायला बोलावलेलं नाही. त्याला परका माणूस घरात चालत नाही, भाऊ असला तरी. आता मात्र दर आठवड्याला फोन येतो.

"ये ना. दोन दिवस राहा. गप्पा मारू."

आवाज खोल गेलाय. बोलता बोलता मधेच थांबतो... वर बघत असावा.

मी कामाचं कारण सांगतो. तो रागावत नाही. फक्त विचारतो, "मग कधी येशील?"

परवा ताईचा फोन आला. "अरे, तो फार वाळलाय. एकटा पडलाय. त्याला तुझ्याशिवाय कोण आहे? एक रात्र जाऊन राहा ना."

तिला काय सांगू? तिच्या लेकीसाठी ज्यानं ते स्वतःवर ओढून घेतलं, त्याच्याच दारात जायला माझे पाय उचलत नाहीत. लाज वाटते. पण तो मला भाऊ म्हणून बोलावतोय की कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

येत्या रविवारी येतो असं कबूल केलंय. सकाळी जाईन, त्याच्यासोबत जेवेन.

डोळ्याला डोळा लागू न देता, ऊन असेपर्यंतच परत फिरेन.