तीन फटके, मग थांबणं

पातं तडकलेलं एक वल्हं. मागच्या दाराशी, खिळ्याला टांगलेलं.

माशाला पापणी नसते. मेला तरी तो बघतच असतो.

०.८

"दमलीस. बस आता." हे बाबा बोलले. माझ्याशी नाही.

तणनाशकाचा निळा डबा. रिकामा.

*

हे घडलंय. पटवायला माझ्याकडे वहीतले दोन आकडे आहेत, बाकी काही नाही. मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. आकडे खोटे लिहायची मला सवय नाही.

गुरुवार. पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. बाबांच्या घरामागचं तळं.

बाबा त्या तळ्याचे राखणदार. नोकरी त्यांची आणि काम माझं, असं आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. रात्री ढग आले, वारा पडला, की ती पहाटे तीनला उठायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून वल्ह्याने पाणी झोडपायची. सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. झोडपलं की हवा मिसळते, मासे तगतात.

मला हे कॉलेजात शिकवलं. तिला कोणी शिकवलं, माहीत नाही.

शेवटच्या वर्षी तिची फुफ्फुसं गेली. तरी उठायची. तीन फटके. मग थांबायची, दम घ्यायला. परत तीन.

मी अंथरुणात पडून ऐकायचे.

पाणवेली ती दाताळ्याने ओढायची, आठवड्याला एकच कोपरा. तळं एकदम उघडं केलं तर पाण्याला दम लागतो, म्हणायची. मी हसायचे.

ती गेल्यावर आठ महिन्यांत तळं मिटलं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं हिरवं. बाबा मागचं दार उघडेनासे झाले. आता ती आली तर तिला ओळखूही येणार नाही, एवढंच म्हणाले.

म्हणून मी रजा काढली. रविवारी तणनाशकाचा डबा आणला आणि दुपारभर फवारत फिरले. सगळं तळं. बाबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. "आमच्या शास्त्रज्ञबाई," म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले.

बुधवारी वेली तपकिरी होऊन खाली बसल्या. पाणी दिसलं. बाबा बघतच राहिले.

त्या रात्री ढग आले. वारा पडला.

*

मला जाग आली ती शांततेने.

बेडूक नाहीत. रातकिडे नाहीत.

मग...

पुच्. पुच्. पुच्.

ओठांचा आवाज. शेकडो ओठांचा.

बॅटरी मारली. सगळं तळं वर आलं होतं. तोंडं. उघडी, गोल तोंडं, हवा पिणारी. आईचं तोंड शेवटच्या रात्री असंच उघडं होतं.

कुजणाऱ्या वेली प्राणवायू खातात. हे मला माहीत होतं. माझं कामच आहे ते.

मी प्राणवायू मोजायचं यंत्र बुडवलं. ०.८. इतक्या कमी प्राणवायूत मासा तग धरत नाही. मोठे आधी जातात.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "मी झोपलो," ते म्हणाले. "ती असती तर तीनलाच उठली असती. मी झोपून राहिलो."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही.

वल्हं घ्यायला वळले. आणि तेवढ्यात...

थप. थप. थप.

पलीकडच्या कोपऱ्यातून.

मग काही नाही.

मग... थप. थप. थप.

वल्हं माझ्या हातात होतं. कोरडं.

पाण्यावर वलयं येत होती, त्या कोपऱ्यातून आमच्याकडे. तिथे कोणी नव्हतं. तोंडं मात्र तिकडे वळू लागली. एकेक करून, पोहायचं त्राण नसताना.

मधलं थांबणं वाढत गेलं. आम्ही दोघं श्वास धरून उभे होतो. आता नाही येणार, असं वाटायचं, आणि परत तीन.

बाबा पाण्याच्या कडेला गेले.

"दमलीस. बस आता," ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात, चहाला हाक मारावी तसं. "राहिलेले राहू देत गं."

ती बसली नाही. उजाडेपर्यंत मारत राहिली.

*

सकाळी तळं पांढरं होतं. पोटंच पोटं. बाबांनी शेवटी मोजणं सोडलं.

त्या कोपऱ्यात चाळीसेक मासे जिवंत. मी यंत्र बुडवलं. ५.१. दोनदा बघितलं. फवारायला सुरुवात मी त्याच कोपऱ्यापासून केली होती; खरं तर तिथेच आकडा सगळ्यात कमी यायला हवा होता.

तळ्यात एक जुना, एकडोळ्या मासा होता. खायला सगळ्यात शेवटी येणारा, म्हणून आई त्याला साहेब म्हणायची. तो कोपऱ्यापासून दोन हातांवर सापडला. साहेब नेहमीसारखे उशिरा निघाले होते.

बाबांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. "माझ्या झोपेने गेला," म्हणाले.

तेव्हाही मी गप्प.

आता मी शहरात, माझ्या खोलीत असते. ढग आले की झोप लागत नाही. इथे तळं नाही. तरी मी तीनला उठून बसते.

बाबा रोज पहाटे काठावर खुर्ची टाकतात. ती येते म्हणतात. मी वाद घालत नाही. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "आता दोनच मारते गं. तिसरा होत नाही तिला."

*

डब्यावर लिहिलं होतं: एका वेळी तळ्याचा पाव भाग, मग दोन आठवडे थांबा. झाकण उघडण्याआधी मी ते वाचलं होतं. माझी रजा एकाच आठवड्याची होती.