जाहिरातीतला माणूस

जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली आणि पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आधी खुर्ची जाणार, की मी?"

आवाज ऐकून ठमीच्या हातातली खुर्ची सुटता सुटता राहिली. रोज सकाळी आत्याच्या कारखान्यात रंधा सुरू व्हायच्या आधी रेडिओवर लागणारा तो आवाज... 'आज आकाश ढगाळ राहील' एवढंच म्हणाला तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, आज काहीतरी चांगलं होणार. आणि आता तो एका खुर्चीच्या अंतरावर उभा होता. त्याला चष्मा होता, हे काही तिच्या कल्पनेत नव्हतं.

"तुम्ही मागे सरकलात तर दोघंही जाऊ," ती म्हणाली.

"मागे पायऱ्या आहेत."

"मग एक चढा की. एवढ्या उंच माणसाला जड नाही जायचं."

तो हसला. मनगटाच्या मागच्या बाजूने चष्मा वर सारून त्याने खुर्चीचे पुढचे पाय उचलले. खुर्ची त्याच्यासाठीच होती. स्टुडिओतली जुनी खुर्ची ऐन बातम्यांत कुरकुरायची आणि घराघरांत ऐकू जायची, म्हणून रेडिओ केंद्राने आत्याकडून न कुरकुरणारी मागवली होती.

आत्याच्या कारखान्याचा एक नियम होता. खुर्ची पोचवली की काम संपत नाही. काही दिवसांनी जाऊन बसणाऱ्याची पाठ बघायची, विचारायचं, लागेल तिथे घासायचं. हे काम ठमीचं. या खुर्चीला मात्र घासणं जरा जास्तच लागलं.

"आता कशी वाटतेय?"

"उजवा हात किंचित उंच वाटतोय."

"खुर्चीचा की तुमचा?"

"ते बघायला तुम्हाला पुन्हा यावं लागेल, नाही का?"

ती दर बुधवारी जाऊ लागली. खुर्चीचे हात घासून घासून बारीक व्हायची वेळ आली. तो चहा मागवायचा, बोलण्याच्या नादात विसरायचा, मग गार घोट घेऊन असा दचकायचा, की जणू हे आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. ठमी हसायची आणि पॉलिश पेपर पिशवीत टाकून निघायची. घरी आल्यावर तिला कामाची एकही गोष्ट आठवायची नाही.

कारखान्यात मात्र हसण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. गिऱ्हाइकं रोडावली होती, म्हणून आत्याने खुर्च्या मांडायला नवं दालन घेतलं होतं.

"ठमे, येत्या शनिवारी दालन उघडतेय," आत्या म्हणाली. "माणसं आली तर कारखाना चालेल. नाही आली तर रंधे गुंडाळून ठेवीन आणि दुरुस्त्या करत बसेन. खुर्ची करता येते गं मला. ती चांगली आहे हे सांगता येत नाही."

सांगायचं काम ठमीने अंगावर घेतलं. जाहिरातीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती संगणकावरच्या ए.आय. मदतनीसासमोर बसली. तिला वाटलं होतं, तो लगेच गोडगोड वाक्यांचा पाऊस पाडेल. त्याने आधी प्रश्न विचारले. तुमच्या खुर्च्या कोण घेतं? घेणारा त्या आधी कुठे बघतो? दालनात एका वेळी किती माणसं मावतात? मग त्याने सगळा बेत मांडला. बसथांब्यांवर भित्तिपत्रकं, जुन्या गिऱ्हाइकांना ईमेल, फोनवर छोटे निरोप, फोटोंसोबत चार ओळी आणि अर्ध्या मिनिटाची रेडिओ जाहिरात. आधी काय जायचं, मागून काय, तेही होतं. सकाळी थांब्यावर अर्धी गोष्ट वाचणाऱ्याला संध्याकाळी रेडिओवर उरलेली ऐकायला मिळणार होती!

आत्या चष्मा लावून मागे उभी होती. "हे तर माझ्यासारखंच काम करतं गं," ती खूश होऊन म्हणाली. "आधी माप, मग करवत."

मदतनीसाने शेवटी लिहिलं, "आता ही खुर्ची ज्याच्यासाठी आहे, अशा एकाच माणसाचं वर्णन करा. सगळीकडे आपण त्याच्याशीच बोलू."

ठमीची बोटं भराभर चालली. थांबायचं नावच घेईनात.

"वर्णन फार जिवंत आहे," मदतनीसाने लिहिलं. "ही खरी व्यक्ती आहे का? असेल, तर जाहिरात बाहेर जाण्याआधी त्यांची परवानगी घ्यायला हवी."

"छे!" ठमीने लिहिलं. "मनाने रचलाय." आणि तिला खरंच तसं वाटत होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं, त्यातलाच प्रकार.

मजकूर झाला आणि झालाही देखणा. आत्याने भित्तिपत्रक वाचलं. "हा कोण?"

"ग्राहक."

"बरं," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून हसली.

रेडिओची जाहिरात वाचणार होता अर्थातच तो. बुधवारी तो काचेपलीकडे माईकसमोर बसला, अलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताई आणि त्यांच्याशेजारी ठमी. लाल दिवा लागला.

"तो चहा विसरतो," त्याने वाचायला सुरुवात केली. "गार झाल्यावर पितो, आणि दर वेळी नव्याने दचकतो. उजवी बाही नीट दुमडतो, डावी विसरतो. बोलता बोलता मनगटाने चष्मा..."

तो थांबला. त्याचं मनगट चष्म्याला टेकलेलं होतं.

ताईंनी काचेतून त्याच्या लोंबणाऱ्या डाव्या बाहीकडे पाहिलं, मग ठमीकडे. ठमीला कानशिलापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. अगंबाई... तो म्हणजे हाच!

"जरा दुरुस्ती आहे मजकुरात!" ती कशीबशी म्हणाली. "उद्या येते!" आणि जिना कसा उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

कारखान्यात येऊन तिने मदतनीसाला सांगितलं, माणूस बदल. सगळीकडचा. त्याने बदलला, भित्तिपत्रकापासून निरोपांपर्यंत कुठे एक बाही शिल्लक ठेवली नाही. मग खाली लिहिलं, "मागितल्याप्रमाणे बदललं आहे. पण स्पष्ट सांगायचं तर आधीचा मजकूर सरस होता. हा माणूस कुणीही असू शकतो. आधीची व्यक्ती खरी असेल, तर तिला विचारणं हा सरळ मार्ग आहे."

"सरळ म्हणे!" ठमी स्क्रीनवर खेकसली. मग मुकाट्याने टाइप केलं, "विचारू कसं?"

"मसुदा लिहून देता येईल. पण हे तुमच्याच शब्दांत त्यांना जास्त आवडेल, असं वाटतं."

ठमीला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं. तिला लपायला तो एक वाक्यसुद्धा उसनं देत नव्हता.

आत्याने दोन्ही मजकूर वाचले. नवा बाजूला ठेवला. "हा माझ्या खुर्चीत बसलेला दिसत नाही. तो बसला होता." मग तिने ठमीच्या पाठीवर हात ठेवला. "पण ऐक. कारखान्यासाठी लाज सोडू नकोस. फिकं तर फिकं, नवं लावू. त्या माणसासाठी सोडायची असेल, तर मात्र सोड बाई एकदाची."

दुसऱ्या दिवशी तो जिन्यातच भेटला. बहुतेक तिथेच उभा असावा.

"परवानगी हवी होती," ठमी म्हणाली. पाठ केलेलं सगळं पार उडून गेलं होतं. "ज्याच्यासाठी खुर्ची आहे, तो माणूस डोळ्यांसमोर आणायचा होता, तर... तुम्हीच आलात. मी मुद्दाम नाही केलं. डोळ्यांसमोर दुसरं कुणी येतच नाही. तुम्ही नाही म्हणालात तर काढून टाकू. जाहिरातीतून. इथून काढता येईल का, ते माहीत नाही."

'इथून' म्हणताना तिचा हात छातीवर गेला होता. त्याने मनगटाने चष्मा वर सारला.

"परवानगी दिली," तो म्हणाला. "पण एक चूक आहे. शेवटी लिहिलंय, 'संध्याकाळी तो कुणाचीही वाट न बघता निवांत बसतो.'"

"मग?"

"साफ खोटं. तो वाट बघतो... बुधवारची. त्याची खुर्ची पहिल्याच दिवशी अगदी बरोबर होती. हात उंच वगैरे काही नव्हता."

"म्हणजे मी एवढं घासलं ते—"

"फुकट. रागावलीस?"

त्या एका 'रागावलीस'ने 'तुम्ही' गळून पडलं. "फार," ती म्हणाली. "तुझ्यावर रागवायला पुष्कळ वेळ लागणार आहे."

तिने जिन्यातूनच फोनवर मदतनीसाला आधीचा मजकूर परत आणून त्यातलं ते एक वाक्य बदलायला सांगितलं. 'संध्याकाळी तो तिची वाट बघत बसतो.' बघता बघता थांब्यावर लागायच्या पत्रकात, ईमेलात, निरोपांत, सगळीकडे तो वाट बघू लागला. रेडिओसाठी मदतनीसाने सुचवलं होतं, "'तिची' शब्दाआधी क्षणभर थांबावं." आत माईकसमोर तो त्याहूनही जास्त थांबला, काचेतून ठमीकडे बघत. ताईंनी तो थांबा तसाच ठेवला.

शनिवारी दालन उघडलं आणि माणसं आत मावेनात. मदतनीसाने आधीच गर्दीचा अंदाज घेऊन निरोप वेगवेगळ्या वेळांचे पाठवले होते, म्हणून बरं. आत्या एकेकाला खुर्चीत बसवत होती, पाठ बघत होती आणि मधूनच पदराने डोळे टिपत होती. रंधे आता कुठेही जाणार नव्हते.

एक आजी मात्र खुर्च्यांकडे बघेचनात. "ते सगळं ठीक आहे गं," त्या ठमीला म्हणाल्या, "पण तो जाहिरातीतला माणूस खरा आहे का? की असंच आपलं लिहिलेलं?"

ठमीने गर्दीपलीकडे पाहिलं. एक बाही दुमडलेली, एक लोंबतेय, अशा थाटात तो कुणाचीतरी खुर्ची गाडीत चढवत होता.

"खरा आहे, आजी," ती म्हणाली. "माझा आहे."